येसूकाकीच्या राईतला नवरंग

माणगावच्या प्राप्तीचा निरोप आला तेव्हा मी अलिबागच्या स्टँडवर रिक्षा लावून गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. 'एक जून, पहाटे पाच पन्नास, नवरंग घरामागच्या ओढ्यात दोनदा बोलला, मी आणि आई दोघींनी ऐकला.' नोंद कशी असावी तर अशी. ना फुलं, ना हात जोडलेली चित्रं. मी तिथेच सीटखालची वही काढून लिहून घेतलं आणि बोटांवर दिवस मोजले. माणगावला आला म्हणजे आता चार-पाच दिवसांत आमच्याकडे यायला हवा होता, आणि हातात दिवसही तेवढेच होते.

आमचा अडतीस जणांचा गट आहे. रायगडातल्या गावागावांतली माणसं. कुणी भाजी विकतं, कुणी शाळेत शिकवतं, मी रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो. उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेकडून नवरंग पक्षी वर सरकत येतो. तो ज्याला पहिल्यांदा दिसेल किंवा ऐकू येईल त्याने जागा, तारीख, वेळ कळवायची आणि मी ती वहीत लिहायची. पक्षी मैनेपेक्षा लहान. शेपटी नावापुरती, पाठ हिरवी, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं लाल. एवढे रंग अंगावर घेऊन हा पठ्ठ्या झाडाखाली पाचोळा उलटवत फिरतो, त्यामुळे दिसतो कमी. उजाडताना आणि दिवस मावळताना दोन सुरांची शीळ घालतो, तेवढीच त्याची खूण.

आणि शिळेतच तर गोम आहे. दयाळ पक्षी दुसऱ्यांच्या नकला करतो. अर्धवट झोपेतल्या माणसाला दयाळाने फसवणं काही अवघड नाही. म्हणून मी उलटतपासणी घेतल्याशिवाय नोंद धरत नाही. किती वेळा बोलला, कुठून बोलला, सोबत कोण होतं. आमचा अनंता, तीस वर्षं पोस्टमन होता, माझा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या तर सलग सात वर्षांच्या नोंदी मी खोडल्या आहेत. एकदा बायकोची खोडली. दोन दिवस ताटात भात आणि लोणचं एवढंच पडलं, पण खोडलेली नोंद मी परत लिहिली नाही. गटात माझ्या मागे मला 'तपासणी नाका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत.

याच गुर्मीपायी यंदा मी अडकलो.

येसूकाकीची राई आमच्या रेवदंड्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. दोन एकर असेल. करंज, जांभूळ, जुने रायवळ आंबे, विहिरीपलीकडे बांबूचं बेट. दर वर्षी आमच्या भागातली पहिली नोंद तिथलीच असते. काकीच्या घरात पूर्वापार एक रीत होती, नवरंग राईत बोलल्याशिवाय भाताच्या बियाण्याची कणगी उघडायची नाही. शेती सुटली, काका गेले, पण काकी अजून त्याची वाट बघायची. गेल्या दिवाळीत ती राईत पाचोळा गोळा करताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. दोन तास तशीच पडून होती, कारण हाक ऐकायला आसपास कुणी नव्हतं.

तिचा मुलगा निकेश न्हावा शेव्याला बंदरात कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे, राहायला उरणला. तेव्हापासून त्याने धोशा लावला की आई, आता इथे एकटी राहायचं नाही, माझ्याकडे चल. राईला गिऱ्हाईकही आलं होतं. आठ बंगले बांधणार म्हणे. निकेशला मी दोष देणार नाही. आई दोन तास जमिनीवर पडून होती हे ज्याला फोनवर कळलं, त्याला करंज आणि जांभूळ कशाचे दिसतात?

काकी रडली नाही की भांडली नाही. अक्षय तृतीयेला तिने देवापुढे नारळ आणि सुपारी ठेवली आणि निकेशला समोर बसवून सांगितलं, "मिरीग लागायच्या आत नवरंग राईत बोलला तर मी हितंच ऱ्हानार, राई बी ऱ्हानार. न्हाय बोलला तर सही करीन आनि तू नेशील तिथं येईन." मृग यंदा आठ जूनला लागत होता. म्हणजे सात तारखेची सकाळ शेवटची, राईमागच्या ताडाच्या शेंड्यावर ऊन पडेपर्यंत.

निकेशने मान्य केलं. त्याने एकच विचारलं, बोलला की नाही हे ठरवणार कोण? आणि मग स्वतःच माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, हरेश्वरकाका सांगतील ते मला कबूल, त्यांनी स्वतःच्या बायकोला सोडलं नाही, ते मला काय सोडणार. सगळे हसले. मीही फुशारून मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन जूनला रोह्याची नोंद आली. तीनला नागोठण्याची. चारला तर अलिबागच्या वरच्या डोंगरातून दोन नोंदी, दोन्ही चोख, एकही खोडण्यासारखी नाही. मला इतका राग आला की फोन सीटवर आपटला. आम्हाला वळसा घालून पक्षी पुढे गेला होता. रोज पहाटे सव्वापाचला मी काकीच्या अंगणात बाकड्यावर जाऊन बसायचो. ती खुर्चीत, हाताशी चालताना धरायची घोडी. राईत भारद्वाज घुमायचा, दयाळ शिट्ट्या मारायचा, आणि हवा तो सोडून सगळे बोलायचे. ऊन वर आलं की काकी मला काळा चहा घ्यायला सांगायची आणि मी तो न पिताच निघायचो. पाच तारखेला नाही. सहाला सकाळी नाही, संध्याकाळीही नाही.

त्या संध्याकाळी रिक्षा स्टँडवर अनंता माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने गुडघे चोळले. मग म्हणाला की पक्षी आसपास आलेला आहेच, चहूबाजूंनी नोंदी आहेत, राईत एक दिवस आधी बोलला काय नि नंतर बोलला काय, तू एक ओळ लिहिलीस तर कुणाचं काय बिघडणार आहे. मी त्याला नको नको ते बोललो. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीस, एखादं न आलेलं पत्र स्वतः लिहून दिलंस काय रे कुणाला, असंही विचारलं. तो उठला. जाताना एवढंच म्हणाला, "तुला काय करायचं न्हाय. तू निसता गप ऱ्हा."

मला वाटलं, रागावून गेला. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मी स्वतःवर जास्त चिडलो होतो, कारण तो जे बोलला ते दुपारपासून माझ्याही मनात घोळत होतं. वही माझी, पेन माझं, शब्द माझा. मला विचारणारं कोण होतं?

सात तारखेला पहाटे मी पोहोचलो तेव्हा निकेश आधीच अंगणात होता. आदल्या रात्रीच येऊन राहिला होता. गिऱ्हाइकाचा माणूस अलिबागला थांबलेला, निकेशचा फोन गेला की कागद घेऊन येणार. काकीने धुवट लुगडं नेसलं होतं. अनंता आला नाही. गुडघे धरलेत, असा निरोप होता. हवा कोंदलेली, पान हलत नव्हतं. मी वही उघडून मांडीवर ठेवली आणि तारीख घातली.

साडेपाच झाले. भारद्वाज झाला, बुलबुल झाले. पावणेसहा झाले. प्राप्तीचा निरोप आला, काका काय झालं? मी फोन उलटा ठेवला. निकेश ताडाकडे बघत होता, मी ताडाकडे बघत होतो, शेंडा अजून काळाच होता. माझ्या हाताला घाम येऊन वहीचं पान चिकटायला लागलं. सहा झाले. निकेशने एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो जिंकत होता, पण जिंकणाऱ्याचा चेहरा काही त्याला जमत नव्हता.

सहा वाजून पाच मिनिटांनी विहिरीपलीकडून शीळ आली.

दोन सूर. मोकळे, ठणठणीत. निकेश उठून उभा राहिला. मी काही विचार करायच्या आत पेनाने वेळ लिहिली, सहा पाच. पुन्हा शीळ आली. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आणि मग त्या दुसऱ्या शिळेच्या मागून, अगदी बारीक, एका बाईचा आवाज आला. ती-ती-ती-ती. कोंबड्यांना दाणे टाकताना बोलावतात तसा.

तो आवाज येसूकाकीचा होता. आणि येसूकाकी माझ्या शेजारी खुर्चीत बसलेली होती, तोंड मिटून.

मी ओळखलं. चार वर्षांपूर्वी याच राईत मी फोनवर नवरंगाचा आवाज रेकॉर्ड केला होता, नव्या लोकांना ओळख पटावी म्हणून गटात टाकला होता. शेवटी काकीचं कोंबड्यांना बोलावणं त्यात आलं होतं. कोंबड्या तर ती पडली तेव्हाच दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. अनंताच्या जावयाने त्याला भजनं ऐकायला एक छोटा स्पीकर दिला होता, तोही मला आठवला.

"आला काय रे?" काकीने विचारलं.

ती राईकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. शीळ तीस पावलांवरून आली होती, झोपलेलं माणूस जागं होईल एवढी मोठी, आणि तिच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. तिला ऐकू येत नव्हतं. बोलणं ऐकू यायचं, समोरच्याने जरा आवाज चढवला की. ही शीळ मात्र ऐकू यायची नाही. गेल्या वर्षी तिने असंच विचारलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. मी म्हणायचो, आला काकी, आणि ती हसायची. मला वाटायचं, खात्री करून घेतेय. मी उलटतपासणीवाला, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही एवढं मला कळलं नव्हतं.

"बोलला ना काका? दोनदा बोलला," निकेश म्हणाला. मला वाटलं होतं, तो संतापेल, खुसपट काढेल. त्याने फोन खिशात टाकला. "ठीक हाय मग. शब्द तो शब्द. मी आईसाठी हितं बाई बघतो कुनीतरी राहायला."

आता मी नुसतं गप्प राहायचं होतं. खोटं बोलायचंही नव्हतं, वेळ तर लिहून झाली होती. राई राहिली असती, काकी राहिली असती, निकेशने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, असंही नव्हतं. एका बाजूला सगळ्यांचं सुख होतं आणि दुसऱ्या बाजूला माझी वही. मला त्या वहीचा मनापासून राग आला. पण हा पोरगा स्वतःचं नुकसान सरळ मनाने मान्य करून उभा होता, आणि काकी डोळे न हलवता माझ्याकडे बघत होती. तिला जगात त्या पक्ष्याचा दुसरा आवाज नव्हता. माझाच होता.

मी तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने म्हणालो, "न्हाय आला, काकी."

निकेशला वाटलं, मी पुन्हा दयाळाचं काहीतरी काढतोय. तो चिडला. म्हणाला, वहीत लिवलंत तुम्ही, मी बघितलं. मी म्हटलं, चल माझ्यासोबत. आम्ही विहिरीला वळसा घालून बांबूच्या बेटाकडे गेलो. पुन्हा दोनदा शीळ झाली, आता अगदी डोक्यावर, आणि तिच्यामागून ती-ती-ती-ती. निकेश जागच्या जागी थांबला.

"ही तर आई हाय," तो म्हणाला.

त्याने मागे वळून अंगणात बसलेल्या आईकडे पाहिलं, मग वर करंजाकडे. दोन फांद्यांच्या बेचक्यात पंच्याने बांधलेला स्पीकर होता. तो परत सुरुवातीपासून वाजायला लागला. निकेश मान वर करून आईचा चार वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज ऐकत राहिला, एकदा, दोनदा, आणि तो बंद करायचं त्याच्या मनातच येईना. शेवटी राईच्या दगडी गडग्यामागून अनंता आला, गुडघे धरलेले नव्हतेच, आणि त्यानेच हात वर करून बटण दाबलं. राईसाठी केलं रे, एवढंच तो म्हणाला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला धरून रडावंसंही वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आम्ही तिघं अंगणात परत आलो. काकीला मी कानाशी सगळं सांगितलं. तिने अनंताला बाकड्यावर बसायला सांगितलं. ताडाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं. ठरल्याप्रमाणे तिथेच संपलं होतं, पण निकेशने फोन काढला नाही. ऊन शेंड्यावरून खाली झावळ्यांवर आलं, तिथून खोडावर आलं, आणि आम्ही सगळे बसून राहिलो. मी आयुष्यात कधी देवाकडे काही मागितलं नाही इतक्या हट्टाने एका पक्ष्याला मागत होतो. दयाळ बोलला. तांबट बोलला. नंतर लांब रस्त्यावर एसटी गेली.

काकीच शेवटी म्हणाली, "लाव फोन."

निकेश उठून पडवीच्या टोकाला गेला आणि हळू आवाजात बोलायला लागला. मी सहा पाच खोडलं आणि पुढे लिहिलं, नाही. खोडताना पान फाटलं. अनंताने तोंड फिरवलं. मला वाटलं, आता काकी मला विचारेल, माझी राई घालवून तुला काय मिळालं.

तिने माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं. "हरेश्वर, एक इचारू? तीन वरसां झाली, मला त्याचा आवाज येत न्हाय. कुनाला बोलली न्हाय मी. तू आला म्हनायचास आनि मी हसायची. पन घरात गेली की मनात यायचं, ह्यो म्हातारीचं मन राखाया सांगतो. पक्षी कवाच यायचा बंद झाला आसंल, आनि ह्यो सांगतो."

"यायचा, काकी," मी म्हणालो. "तिन्ही साल आला."

"व्हय," ती म्हणाली. "आज न्हाय म्हनलास, तवाच कळलं मला."

मग तिने मला त्या तिन्ही सालच्या नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. मी वही मागे उलटली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, आवाज चढवून, एकेक वाचत गेलो. कोणती तारीख, किती वाजता, किती वेळा बोलला, विहिरीपाशी की जांभळाखाली. निकेश फोन संपवून आला होता आणि दारात उभा होता. काकी डोळे मिटून ऐकत होती, आणि प्रत्येक नोंदीला हसत होती.